वेफरवरचे तीन डाग

१

बुधवारी सकाळी साडेसातला वेफर मुका झालेला सापडला.

आमच्या भंडाऱ्याकडे वेफर म्हटला की तो बटाट्याचाच. बहरीनमध्ये मी वेफरवर काम करतो हे ऐकून माझ्या आईला, इंदुबाईंना, पोरगा फरसाणच्या कारखान्यात लागला असंच वाटलं होतं. हा वेफर सिलिकॉनचा, तळहाताएवढा, आरशासारखा चकचकीत. त्याच्यावर इतके बारीक चुंबक बसवलेले की केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं मावावेत. प्रत्येक चुंबकाचं तोंड डावीकडे किंवा उजवीकडे. डावं म्हणजे शून्य, उजवं म्हणजे एक. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या स्मृतीला सतत वीज पाजावी लागते. वीज गेली की ती सगळं विसरते, आणि असली की तापते, मग तिला थंड करायला आणखी वीज. आमच्या चुंबकांचं तोंड एकदा फिरवलं की खलास. वीज काढून घ्या, वर्षभरानं या, ते त्याच दिशेला बघत असतात. एसी बंद पडला तर पंधरा मिनिटांत माणूस घामानं निथळतो अशा मुलखात या गोष्टीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

झिंजमधल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेनं अकरा दिवस खपून त्या वेफरवर मजकूर लिहिला होता. रविवारी तो पाहुण्यांना दाखवायचा होता. मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता शेवटचं वाचन झालं, सगळं जिथल्या तिथं होतं. बुधवारी तिजोरीतून काढून पुन्हा वाचला, तर मधल्या पट्ट्यातल्या चिपा काही बोलेनात.

‘‘कोणीतरी चुंबक आत आणला,’’ डॉ. सुहा म्हणाल्या. त्या आमच्या प्रमुख. बहरीनी, कमी बोलणाऱ्या, आणि रागावल्या की आणखी कमी बोलणाऱ्या.

आमच्याकडे चुंबकाची दहशत आहे. वाचनाच्या खोलीच्या दाराबाहेर एक वेताची टोपली ठेवलेली असते. फोन, घड्याळ, चुंबकी बटणाची पर्स, सगळं तिच्यात टाकायचं आणि मग आत यायचं. म्हणून डॉ. सुहांनी लॉकर तपासायला सांगितले. तय्यबाच्या लॉकरात एक मखमली पाकीट निघालं. त्यात स्कार्फला लावायच्या गोल चुंबकी पिना होत्या, सहा.

तय्यबा आमची टेक्निशियन. रत्नागिरीची, चोवीस वर्षांची, उम्म अल हस्समला भावाकडे राहते. ती काही बोलायच्या आत निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. रुजू झाली त्याच आठवड्यात ती असली पिन लावून वाचनाच्या दारापर्यंत आली होती, हे कोणीच विसरलं नव्हतं.

‘‘मी आता लावत नाही मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘घरी जाताना लावते. आत कधीच नाही.’’

डॉ. सुहांनी थोडक्यात सांगितलं. उद्या दुपारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर पत्र निघेल. पत्र निघालं की व्हिसा कॅन्सल. आणि ‘चुंबकाच्या लॅबमध्ये चुंबक आणणारी मुलगी’ हा शिक्का घेऊन परत गेलेल्या तय्यबाला दुसरी लॅब दारातही उभी करणार नव्हती.

‘‘तोवर वेफर पुसून पुन्हा लिहायला घेऊ,’’ मी म्हणालो. ‘‘निदान अर्धा तरी रविवारपर्यंत होईल.’’

‘‘पुसायची एवढी घाई कसली?’’ मागून आवाज आला.

त्या महमुदाआपा. स्टोअर सांभाळतात. अठ्ठावन्न वर्षांच्या, माहेर महाडचं, बहरीनमध्ये तीस वर्षं. त्यांना न विचारता इथं स्क्रूसुद्धा हलत नाही. मागं एकदा प्लॅटिनमची तार गायब झाली तेव्हा त्यांनी चहाच्या कपांवरून माणूस शोधून काढला होता. डॉ. सुहा त्यांना मानतात.

‘‘चौकशी मी करते. मशीन चालवायला विनय बरोबर राहील,’’ आपा म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘‘काल अकरानंतर वेफर कुणाकुणाच्या हातात गेला?’’

ही हकीकत सांगताना माझी मान खाली आहे. का, ते ओघात येईल. चौकशी ज्या क्रमानं झाली त्याच क्रमानं सांगतो, म्हणजे आपांचं डोकं कसं चाललं ते कळेल.

‘‘तिघांच्या,’’ मी म्हणालो. ‘‘वाचून झाल्यावर विश्वजीतनं डबीत घालून पॅकिंगच्या टेबलावर नेला. तय्यबानं डबी पुसून, लेबल लावून काउंटरवर पोहोचवली. तिथून तिजोरीत ठेवणारा मी.’’

२

विश्वजीत कॅन्टीनमध्ये सापडला. पुण्याचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दुसऱ्यानं विसरू नये म्हणून झटणारा. चुंबकाची तोंडं फिरवायची त्याची स्वतःची एक पद्धत होती, ती डॉ. सुहांनी वर्षभरापूर्वी बाजूला ठेवली होती. तेव्हापासून ‘माझं ऐकलं असतं तर’ हे त्याचं पालुपद होतं.

‘‘आपा, सरळ बोलू? मला आनंद झालाय असं सगळ्यांना वाटतंय,’’ तो म्हणाला. ‘‘थोडा झालाही असेल. पण मी अकरा दिवसांचं काम कशाला बिघडवू? माझ्या पद्धतीला तरी चालणारा वेफर लागणारच ना.’’

‘‘तुझा फोन काल कुठं होता?’’

आपांनी दाराजवळच्या वहीतली ओळ वाचून दाखवली. मंगळवारच्या टोपलीत त्याच्या नावापुढं फक्त घड्याळ होतं.

‘‘खिशात होता,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘बायकोची सोनोग्राफी होती पुण्याला. मेसेजची वाट बघत होतो. चुकलं.’’

‘‘कव्हर?’’

त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. गाडीत लावायचं चुंबकी कव्हर, मागं बांगडीएवढं कडं. मला एकदम हलकं वाटलं. ते का वाटलं याची मला आजही लाज वाटते.

‘‘पॅन्टच्या खिशात होता हं,’’ विश्वजीत घाईनं म्हणाला. ‘‘आणि काल विचित्र वागायचंच म्हटलं तर मी एकटाच नव्हतो. आमच्या विनयरावांकडे बघा. एसीच्या चिलरची अदलाबदल चालू होती, लॅब अठ्ठावीस डिग्रीवर गेलेली, आम्ही सगळे एप्रन उघडे टाकून फिरतोय आणि हे गळ्यापर्यंत बटणं लावून. सिमल्याला निघाल्यासारखे.’’

‘‘घसा धरला होता,’’ मी म्हणालो.

विश्वजीत हसला. त्याचं हे थट्टेचं खातं माझ्याशी पहिल्या आठवड्यापासून उघडं आहे. ‘‘विनय खंडू? खंडू हे काय आडनाव?’’ असं त्यानं विचारलं होतं. ‘‘वडिलांचं नाव आहे, पासपोर्टचा घोळ,’’ असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. घोळ खराच होता. आडनावाचा रकाना कोरा राहिला, मग इथल्या कार्डावर वडिलांचं नाव शेवटी बसलं, आणि ऑफिसात मी विनय खंडूच झालो. नऊ वर्षं झाली.

आपांनी फोन उचलला, खिशातल्या टेपनं त्या कड्याची रुंदी मोजली आणि वहीत लिहिली. ‘‘तय्यबाला स्टोअरमध्ये पाठव,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘आणि तूही थांब. तिच्या समोर बस.’’

३

स्टोअरमध्ये आपांचं टेबल आहे, दोन स्टुलं आहेत आणि भिंतीला लावलेली शंभरेक खोकी आहेत. तय्यबा माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

‘‘पिना लॉकरात का?’’

‘‘संध्याकाळी बसनं जाते आपा. वाऱ्यानं स्कार्फ सुटतो. बाहेर पडले की चुंबक लावते, सकाळी येताना लॉकरात काढून ठेवते.’’

‘‘आणि आत?’’

तिनं उत्तर न देता पर्समधून घडी केलेला एक फिकट जांभळा स्कार्फ काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. हनुवटीखाली येतो त्या भागात टाचण्यांची बारीक बारीक भोकं होती, चाळणीसारखी. एका जागी कापड विरून फाटलं होतं.

‘‘असे चार स्कार्फ गेले,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या आठवड्यात विनय सरांनी दारात थांबवलं ना, सगळ्यांसमोर, त्या दिवसापासून फक्त टाचणी. अम्मी विचारते, एवढी भोकं कशी पडतात गं? मी म्हणते, नोकरीची भोकं आहेत.’’

मी स्कार्फकडे बघेना. टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि परत ठेवला. थांबवलं होतं मीच, हे खरं होतं. त्या वेळी मोठ्या आवाजात नियम वाचून दाखवला होता आणि माझी छाती फुगली होती.

‘‘काल डबी कशी नेलीस?’’ आपांनी विचारलं.

‘‘ट्रॉलीवरून. मी अंगाजवळ धरतच नाही आपा. उगीच कुणी म्हणायला नको.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘सर, तुम्ही तर रोज बघता. सांगा ना आपांना. मी ट्रॉली वापरते की नाही?’’

‘‘वापरते,’’ मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. पुढं बरंच म्हणायचं होतं. मी पुन्हा स्टेपलरकडे बघायला लागलो.

डॉ. सुहांना आपांनी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की भोकं जुनीही असतील, आणि एखाद्या दिवशी माणूस विसरतो. खरंच होतं ते. माणूस विसरतो.

आपा व्हरांड्यात थांबल्या. ‘‘विनय, एक सांग. हे तुझे चुंबक विसरत नाहीत म्हणतोस ना? मग त्यांना फिरवणारा कोण होता, तेही ते विसरले नसतील.’’

४

हे कोणाला सुचलं नव्हतं, कारण गुन्हेगार सापडला असं सगळ्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक आहे, तो प्रकाश टाकून चुंबकांची तोंडं दाखवतो. डावीकडची काळी, उजवीकडची पांढरी. लिहिलेला वेफर त्याच्याखाली लांबून राखाडी दिसतो, तांदूळ आणि काळे तीळ मिसळल्यासारखा. बाहेरचा मोठा चुंबक जिथं जवळ आला असेल तिथली सगळी तोंडं एका बाजूला वळलेली असणार. तिथं डाग दिसणार.

‘‘पुसला असता तर हे गेलं असतं,’’ आपा म्हणाल्या.

‘‘हो.’’

वेफर मी बसवला. मशीन पट्ट्यापट्ट्यानं फोटो घेतं, पूर्ण चित्र जुळायला दोन तास लागतात. आपा स्टूल ओढून माझ्या उजव्या हाताशी बसल्या. विश्वजीतही आला. तय्यबाला त्यांनी दारात उभं केलं, टोपलीशेजारी, तिथून पडदा दिसत होता.

पहिला तास नुसता राखाडी. विश्वजीत नखं खात होता. मी मशीनकडे बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग वरच्या बाजूला एक पांढरा गोल उमटला. वाटाण्यापेक्षा थोडा मोठा.

‘‘पिन,’’ विश्वजीत हळूच म्हणाला. दारात तय्यबानं तोंडावर हात ठेवला.

‘‘थांब,’’ आपा म्हणाल्या.

पट्टे सरकत राहिले. वेफरच्या मध्यावर दुसरा गोल आला, पहिल्याएवढाच. आणि शेवटी खाली तिसरा. तिन्ही एका ओळीत, सारख्या अंतरावर, ओळ जराशी तिरकी.

आपांनी टेप काढून पडद्यावर धरला, प्रमाणाचा आकडा मला विचारला आणि वहीत लिहिलं.

‘‘विश्वजीतचं असतं तर बांगडी उमटली असती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कड्याचं कडंच उमटणार. तय्यबाची पिन एक गोल. तीन पिना अशा सारख्या अंतरावर, ओळीत, कोण लावतं स्कार्फला?’’

‘‘म्हणजे मी नाही?’’ तय्यबानं दारातून विचारलं.

‘‘मला कळलं, गं. मॅडमना पटवायला अजून एक गोष्ट पाहिजे.’’ आपांनी वही मिटली. ‘‘तीन चुंबक एका पट्टीवर बसवलेले असतात अशी वस्तू कोणती, विनय?’’

मला माहीत होतं. त्या खोलीत ते माहीत असलेला मी एकटाच होतो, निदान तेव्हा मला तसं वाटलं.

‘‘आठवत नाही,’’ मी म्हणालो.

५

गुरुवारी सकाळी नऊला आपांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. टेबलावर वेफरची रिकामी डबी होती, पारदर्शक, पातळ, बशीएवढी.

‘‘उचल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि त्या कपाटापर्यंत ने.’’

मी उचलली. दोन्ही हातांनी, झाकणाची बाजू छातीकडे, पोटाशी मूल धरावं तशी. खिट्टी निसटली तरी झाकण अंगाला अडकतं आणि वेफर पडत नाही. या लॅबमध्ये ही पद्धत मीच सुरू केली. प्रत्येक नव्या माणसाला मीच शिकवतो.

‘‘तिथंच थांब.’’

मी थांबलो. तेव्हा मला समजलं.

‘‘विश्वजीतला काल संध्याकाळी उचलायला लावली,’’ आपा म्हणाल्या. ‘‘एका हातानं, चहाच्या ट्रेसारखी. तू शंभरदा ओरडलास तरी तो तशीच नेतो. तय्यबा तर ट्रॉलीच शोधायला लागली. छातीशी धरणारा एकच माणूस आहे इथं.’’ त्या उठल्या. टेपचं एक टोक डबीच्या मध्यावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या एप्रनच्या डाव्या खिशाच्या जरा वर, कापडाला न लावता, हवेत थांबवलं. ‘‘मधला डाग इथं येतो. आणि एप्रन त्या दिवशी गळ्यापर्यंत बंद. अठ्ठावीस डिग्रीत. म्हणजे आत काहीतरी झाकायचं होतं. शर्टावर लावलेलं. मागं तीन चुंबकांची पट्टी असलेलं. हॉटेलातली पोरं नावाचा बिल्ला लावतात ना, तसलं.’’

मी डबी खाली ठेवली.

‘‘बिल्ला कुणी झाकून का ठेवेल, हे काही मला कळेना,’’ आपा पुढं म्हणाल्या. ‘‘मग तारीख बघितली. चौदा एप्रिल.’’

‘‘आपा...’’

‘‘माझं माहेर महाडचं आहे रे. लहानपणापासून दर मार्चला आमच्या आळीवरून निळे झेंडे जाताना बघितलेत. अब्बा दारात पाण्याचे रांजण भरून ठेवायचे, आम्ही पोरी पेले धुवायचो. छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला लावलेली माणसं ताठ चालायची. आणि तुझ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स नऊ वर्षांपूर्वी मीच फाइलला लावल्यात. रामटेके. मी कधी बोलले नाही, कारण तू बोलत नव्हतास.’’

मग मी सांगितलं. नाही सांगितलं असतं तरी त्यांना कळलेलंच होतं.

दरवर्षी चौदा तारखेला आम्ही माहूजच्या घरी सकाळी वंदना घेतो, मोठा कार्यक्रम मग शुक्रवारी हॉलवर. माझी मुलगी श्रावस्ती बारा वर्षांची आहे. मागची तीन वर्षं ती मला बिल्ला लावून ऑफिसला जा म्हणायची आणि मी म्हणायचो, नको बेटा, पिननं शर्टाला भोकं पडतात. पोरीनं ते खरं मानलं. यंदा तिनं स्वतः शोधून बिना-पिनचा बिल्ला मागवला. मी चहा पीत, फोनवर बोलत दारात उभा होतो आणि तिनं तो माझ्या छातीवर बसवला. ‘‘सी पप्पा? नो होल्स! वेट, इट्स क्रूकेड.’’ मला उशीर होत होता. चिकटपट्टीचा असेल समजून मी तसाच निघालो.

‘‘गाडीतच काढणार होतो,’’ मी म्हणालो. ‘‘पोरीला बरं वाटावं म्हणून कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत लावायचा आणि मग काढायचा. पण फोनच्या नादात राहून गेला, आणि पार्किंगमध्ये विश्वजीतची गाडी शेजारी येऊन लागली. तो बघेल म्हणून मी मागच्या सीटवरचा एप्रन घातला आणि वरपर्यंत बटणं लावली. मग पोरीनं लावलेला, आत आहे तर राहू दे म्हटलं, दिवसभर काढलाच नाही. संध्याकाळी गाडीत काढायला गेलो तर मागची पट्टी निसटली आणि खट्कन किल्ल्यांना चिकटली. तेव्हा कळलं.’’

‘‘मंगळवारी संध्याकाळी.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे काल सकाळी तय्यबाचं पाकीट टेबलावर उघडलं, तेव्हा तुला माहीत होतं.’’

मी मान हलवली. चुंबक लपवल्याची लाज होतीच. पण आपांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा जी वाटली तिच्यापुढं ती काहीच नव्हती. चाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, स्टूलवर बसून रडलो.

‘‘तुला बरोबर का घेतलं काल, सांगू?’’ आपा म्हणाल्या. ‘‘पुसायची घाई केलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, दिवसभर तिच्यासमोर बसेल तर बोलेल. नाही बोललास.’’ त्यांनी घड्याळ बघितलं. ‘‘बारा वाजता मॅडमकडे सगळे जमतील. मी तीन डाग दाखवीन आणि तय्यबा सुटली एवढंच सांगेन. पुढचं तू सांगायचं. नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण मग तुझं आडनाव माझ्या तोंडून जाईल.’’

६

बारा वाजता मी सांगितलं.

तीन-चार वाक्यं लागली. डॉ. सुहांसाठी इंग्रजीत सांगावं लागलं, ते बरंच झालं. डॉ. सुहांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना एकच कळेना. ‘‘तुमच्या नेत्याचा वाढदिवस, त्यांचा बिल्ला. यात लपवण्यासारखं काय होतं?’’

विश्वजीत खाली बघत होता. आपा खिडकीबाहेर बघत होत्या. त्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसांनाच माहीत होतं.

‘‘लपवण्यासारखं काही नव्हतं मॅडम,’’ मी म्हणालो. ‘‘मी लपवत होतो.’’

त्यांनी पॅड ओढलं. रविवारचे पाहुणे महिनाभर पुढं ढकलले जातील, वेफर मीच पुन्हा लिहीन, आणि रिपोर्टमध्ये माझं नाव जाईल. तय्यबाला पत्र निघणार नाही, उलट त्या स्वतः तिची माफी मागतील. मग पेन उचलून म्हणाल्या, ‘‘पूर्ण नाव?’’

‘‘विनय खंडू रामटेके.’’ मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

‘‘अच्छा,’’ विश्वजीत म्हणाला.

एवढंच. नऊ वर्षं मी ज्या एका ‘अच्छा’ला भीत होतो तो आला आणि गेला. शेजारी एसी चालू होता, टेबलावर चहा होता, काही झालं नाही. एवढ्यासाठी मी एका पोरीला दीड दिवस गुन्हेगार म्हणून बसवून ठेवलं होतं.

व्हरांड्यात मी तय्यबाला गाठलं आणि माफी मागितली. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘चुंबक चुकून आला ते मी समजू शकते सर. माझाही आला होता एकदा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि आडनावाचंही समजते. भारतात भाड्याचं घर बघायला गेला की माझ्या भावालाही नाव सांगितल्यावर कळतं, घर आहे की नाही ते. पण मी तुम्हाला विचारलं होतं, सांगा ना सर. तुम्ही ‘वापरते’ म्हणालात आणि स्टेपलर बघत बसलात.’’

‘‘हो.’’

‘‘ते मी विसरेन असं वाटत नाही,’’ ती म्हणाली आणि ट्रॉली घेऊन आत गेली.

शुक्रवारी सकाळी हॉलवर जायची गडबड होती. माझी बायको संघप्रिया पांढऱ्या साडीत आरशापुढं, धाकटा पोरगा बूट शोधतोय. श्रावस्ती बिल्ला घेऊन आली. तिनं तो या वेळी हातानं मोजून, अगदी सरळ, माझ्या सदऱ्यावर बसवला आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

‘‘पप्पा, ट्यूसडेला ऑफिसमध्ये ऑल डे घातला होतास?’’

‘‘घातला होता बेटा. एप्रनच्या आत.’’

‘‘आत?’’ तिचा चेहरा पडला. ‘‘बट व्हाय? आता तर होल्स पण पडत नाहीत.’’

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. भोकांचं कारण आता माझ्याजवळ नव्हतं.